सगळ्यांचंच उत्तर 'हो' येतंय? प्रश्नावलीतला बिघाड कसा शोधायचा

वर्षातून तीन-चार वेळा तरी मला हा फोन येतो. समोर बहुतेक वेळा समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी किंवा मुलगा, कधी एखाद्या छोट्या संस्थेचा कार्यकर्ता. वाक्य ठरलेलं: "मॅडम, सर्व्हे झाला, डेटा एक्सेलमध्ये भरला, पण त्यातून काही निघतच नाहीये." काही निघत नाही म्हणजे काय, तर दोनशे घरं फिरून झाली आणि एकेका प्रश्नाला जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच. पाणी येतं? हो. शाळा चांगली? हो. दवाखान्यात नीट बघतात? हो. गावात आठ दिवस राहून आलेल्या मुलांना कळत असतं की एवढं काही छान चाललेलं नाही. मग ती दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: लोक खोटं बोलतात, नाहीतर आपलं सँपल चुकलं.

सँपल चुकतं कधी कधी. लोक खोटंही बोलतात. पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा बिघाड छापलेल्या प्रश्नातच असतो आणि तो हाताने दुरुस्त करता येतो. कसा, ते एकदा इथे लिहून ठेवते. पुढच्या वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा लिंक पाठवेन.

दर चौथ्या दिवशी येतंय, चुकत न्हाई

लातूर जिल्ह्यातल्या एका गावातली गोष्ट. मुलांच्या फॉर्मवर प्रश्न होता: 'तुमच्या घरी नळाचे पाणी नियमित येते का? हो / नाही.' उत्तरं जवळजवळ सगळी 'हो'. मी तो कोरा फॉर्म घेतला, दोन मुलींना बरोबर घेतलं आणि यादीतल्या पहिल्याच घरी गेले. मावशी उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. मी छापलेला प्रश्न छापल्यासारखाच वाचला.

"येतंय की."

"नियमित येतं?"

"हां मग. दर चौथ्या दिवशी येतंय. चुकत न्हाई कधी."

दोघी मुली माझ्याकडे बघायला लागल्या. पुढच्या गल्लीत एका घरी स्वतःचं बोअर होतं. त्यांच्या मोरीतल्या नळाला चोवीस तास पाणी, त्यांचंही उत्तर 'हो'. गल्लीच्या टोकाला शेवटचं घर. तिथे पाणी येतं ते करंगळीएवढ्या धारेने, एक हंडा भरेपर्यंत पलीकडचे मोटार लावतात आणि धार तुटते. त्यांनी आधी फॉर्मवर काय सांगितलं होतं? हो.

तीन घरं, तीन तऱ्हा, एक 'हो'. आणि कुणीही खोटं बोललेलं नव्हतं. 'नियमित' म्हटलं की शहरातल्या कानाला 'रोज' ऐकू येतं. मावशींना 'ठरल्या दिवशी' ऐकू आलं, आणि शब्दाचा अर्थ पाहिला तर मावशीच बरोबर आहेत.

तेव्हापासून कुठलीही प्रश्नावली हातात आली की मी प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावते. ज्यांची परिस्थिती वेगळी आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे अशी दोन घरं डोळ्यांसमोर आणायची. या प्रश्नाला त्या दोघांना वेगवेगळं उत्तर द्यावंच लागेल का? दोघंही प्रामाणिकपणे तेच उत्तर देऊ शकत असतील, तर प्रश्न नापास. तो कितीही सुबक छापलेला असो, कुठल्याही मोठ्या अहवालातून उचललेला असो. खाली जे सगळं सांगणार आहे ते याच कसोटीवर प्रश्न कुठे कुठे पडतो त्याबद्दल आहे.

पाण्याचा प्रश्न आम्ही त्याच संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसून असा फोडला. नळाला शेवटचं पाणी कोणत्या दिवशी आलं? त्याच्या आधी कोणत्या दिवशी आलं होतं? आलं तेव्हा किती वेळ होतं? त्या वेळात किती हंडे, किती ड्रम भरले? मधल्या दिवसांत कमी पडलं तर कुठून आणलं, आणि कुणी आणलं?

यात 'नियमित', 'पुरेसं', 'चांगलं' असा एकही शब्द नाही. विशेषण आपल्या खिशात ठेवायचं, लोकांकडून फक्त दिवस, वेळ आणि हंडे घ्यायचे. नियमित आहे की नाही हे घरी येऊन आपण ठरवायचं. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, त्यात माणशी रोज ५५ लिटर हे माप धरलेलं आहे. पाच माणसांच्या घराला म्हणजे २७५ लिटर. तुमच्याकडे हंडे आणि दोन पाण्यांमधले दिवस असले की हा हिशेब एक्सेलमध्ये एका ओळीत होतो. नुसते 'हो' असले तर जन्मात होत नाही. हंडा मात्र मोजून घ्या. प्रत्येक घरचा हंडा वेगळा, आणि 'दहा हंडे' हे उत्तर घरातला एक हंडा लिटरच्या मापाने भरून पाहिल्याशिवाय अर्धंच आहे.

'शेवटचं कधी आलं' यावरच भागवू नका, त्याच्या आधीचा दिवसही विचारा. एका गल्लीत पाण्याचा वार असतो. तुम्ही योगायोगाने त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर सगळी गल्ली 'काल आलं' म्हणेल आणि तुमचा तक्ता पुन्हा छान दिसायला लागेल. दोन वारांमधलं अंतर हातात असलं की हा घोटाळा होत नाही.

'ना' लावला की संपलं

आपल्याकडे कुणी भेटलं की "काय, बरं आहे ना?" असं विचारायची रीत आहे. अंगात ताप असला तरी उत्तर "हो, बरं आहे" असंच येतं, कारण तो प्रश्न नसतोच, तो नमस्कार असतो. आता फॉर्मवरचा 'अंगणवाडीत आहार मिळतो का?' हा प्रश्न एखादी मुलगी दारात उभी राहून हसऱ्या चेहऱ्याने कसा विचारते ते ऐका: "काकू, अंगणवाडीत खाऊ मिळतो ना?" एवढासा 'ना'. काकूंनी काय म्हणायचं? लांबून आलेलं लेकरू, उन्हात उभं आहे, त्याला 'नाही' कसं म्हणायचं!

म्हणून प्रशिक्षणात मी मुलांना एकमेकांचं विचारणं मोबाइलवर रेकॉर्ड करायला लावते आणि 'ना' मोजायला लावते. पहिल्या दिवशी हसतात, ऐकल्यावर गप्प होतात.

पण 'ना' काढला तरी प्रश्नाचा कल राहतोच. अमेरिकेत १९४१ साली डोनाल्ड रग या संशोधकाने एकच गोष्ट दोन तऱ्हांनी विचारून पाहिली होती. लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का, असं विचारल्यावर ६२ टक्के लोक म्हणाले, देऊ नये. अशा भाषणांवर बंदी घालावी का, असं विचारल्यावर 'घालावी' म्हणणारे निघाले ४६ टक्केच. परवानगी न देणं आणि बंदी घालणं, व्यवहारात एकच. पण 'बंदी' हा शब्द तोंडातून काढायला जड जातो.

यावर तोड काय, तर दोन्ही बाजू सारख्याच ठळकपणे समोर ठेवायच्या. दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर महाराष्ट्रात बायकांचं मतदान होतं, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. तिथे 'हो' म्हणायची सोयच नाही, दोहोंतलं एक निवडावं लागतं. मला ही प्रश्नरचना कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त पटते. 'आरोग्य केंद्रात औषधं मिळतात का?' याऐवजी 'मागच्या वेळी गेलात तेव्हा लिहून दिलेली औषधं तिथेच मिळाली, की काही बाहेरून विकत घ्यावी लागली?' असं विचारा. 'विकत घ्यावी लागली' हे उत्तर आपणच उच्चारलं आहे, त्यामुळे समोरच्याला ते तक्रार केल्यासारखं वाटत नाही.

याच जागी आणखी एक चूक सर्रास दिसते. 'शिक्षक वेळेवर येतात व मन लावून शिकवतात का?' वेळेवर येऊन नुसते बसणारे शिक्षक असले तर? प्रश्नात 'व', 'आणि', 'तसेच' दिसलं की तिथे कात्री चालवा.

'अंशतः सहमत' कुणाच्या घरी बोलतात?

इंग्रजीतून आणलेल्या प्रश्नावल्यांचं एक वेगळंच दुखणं आहे. पाच पायऱ्यांची मोजपट्टी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली आणि तेव्हापासून जगभर वापरतात. तिच्यात दोष नाही. दोष तिच्या मराठीत आहे: पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, तटस्थ, अंशतः असहमत, पूर्णतः असहमत. मी आजवर कुणालाही ओसरीवर बसून "मी तटस्थ आहे" म्हणताना ऐकलेलं नाही.

मग प्रत्यक्षात काय होतं? प्रश्न विचारणारा स्वतःच्या मनाने भाषांतर करतो. एक म्हणतो "पटतं का थोडंथोडं?", दुसरा म्हणतो "चालेल का?", तिसरा थेट "हो लिहू का?" म्हणतो. तीन जणांनी तीन वेगळे प्रश्न विचारले आणि उत्तरं एका रकान्यात पडली. डेटा आल्यावर मी सगळ्यात आधी एक तक्ता काढते: कुणी विचारलं त्याप्रमाणे उत्तरं. एकाच गल्लीत फिरलेल्या दोघांपैकी एकाकडे सगळे 'पूर्णतः सहमत' आणि दुसऱ्याकडे सगळे 'तटस्थ' असतील, तर तो गावाचा फरक नसतो. हा तक्ता फुकटचा आहे आणि पाच मिनिटांत निघतो, तरी कुणी काढत नाही.

उपाय म्हणून मी पाच पायऱ्या एकदम वाचून दाखवणं सोडून दिलं. दोन टप्प्यांत विचारते. आधी: बरं आहे की वाईट आहे? मग: थोडं की फार? दोन सोप्या प्रश्नांतून चार पायऱ्या मिळतात, आणि "बरं न्हाई न् वाईट न्हाई" असं कुणी आपणहून म्हणालं तर ती पाचवी.

शेतीबद्दल विचारायचं असेल तर आणखी एक सोय आहे. आपल्या गावांकडे स्वतःची मोजपट्टी पिढ्यान्‌पिढ्या तयारच आहे. आणेवारी, म्हणजे पूर्ण पीक एक रुपया धरून यंदाचं किती आणे ते सांगणं. आता तिला पैसेवारी म्हणतात आणि पीक ५० पैशांच्या आत आलं की दुष्काळाची चर्चा सुरू होते. साठीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला "काका, यंदा सोयाबीन रुपयात किती?" असं विचारा. "आठ आणे धरा" असं उत्तर क्षणात येतं. त्याच काकांना 'खरीप हंगामाच्या उत्पादकतेबाबत आपण कितपत समाधानी आहात?' असं विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "तुम्ही लिहा की काय ते."

किती दिवसांचं आठवायचं?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे भलेभले घसरलेत.

केंद्र सरकारचं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० पासून चालू आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासारखा संख्याशास्त्रज्ञ त्याच्या मागे उभा होता. घरखर्चाच्या फेऱ्यांत अनेक वर्षं 'गेल्या ३० दिवसांत काय काय खाल्लं, किती खर्च झाला' असं विचारत. मग नव्वदच्या दशकात काही फेऱ्यांत अन्नपदार्थांसाठी ७ दिवसांची मुदत वेगळ्या घरांवर करून पाहिली, तर खर्च जास्त दिसला. इथपर्यंत ठीक. पण १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत त्याच घराला, त्याच बैठकीत, शेजारच्या दोन रकान्यांत ७ दिवसांचं आणि ३० दिवसांचं असं दोन्ही विचारलं. विचार करा: आठवड्याला दोन किलो साखर असं सांगून झालंय, लगेच महिन्याची विचारली, तर माणूस आठवणार की चारने गुणणार? दोन उत्तरं एकमेकांना जुळवून घ्यायला लागली. त्या फेरीवरून दारिद्र्याचं प्रमाण २६ टक्क्यांच्या आसपास निघालं, १९९३-९४ ला ते ३६ होतं, आणि ही घट खरी किती आणि प्रश्नामुळे किती यावर अर्थतज्ज्ञ पुढे कित्येक वर्षं भांडले. एका जादा रकान्याने देशाची गरिबी मोजायची पट्टीच हलली. २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीत तर प्रश्नावलीच तीन भागांत केली आणि एका घरी तीन वेगवेगळ्या महिन्यांत जाऊन ती भरली, कारण एका बैठकीत माणूस थकतो आणि शेवटच्या पानांवरचा खर्च आपोआप कमी होतो.

आपल्या छोट्या सर्वेक्षणात एवढं करता येत नाही. पण मुदत वस्तूप्रमाणे बदलता येते. भाजी-दुधाचं आठवडाभराचं विचारा, किराण्याचं महिन्याचं, आणि कपडे, भांडी, लग्नकार्य, दवाखान्यात दाखल झालेल्याचा खर्च वर्षाचा. आणि वर्ष म्हणजे 'गेले बारा महिने' असं म्हणू नका. तसं कुणी जगत नाही. "मागच्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत" म्हणा, "पोळ्यानंतर" म्हणा. लोकांच्या डोक्यातलं कॅलेंडर सणांचं आणि हंगामांचं असतं.

लांबच्या वर्षांसाठी मी फॉर्मच्या मागच्या पानावर घटनांची यादी छापते. आमच्या भागात ती फार सोपी आहे. १९७२ चा दुष्काळ. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. २०१६, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं ते वर्ष. २०२०, लॉकडाऊन. "बोअर कधी घेतलं?" याला "झाली असतील आठ-दहा वर्षं" हे उत्तर येतं. "रेल्वेनं पाणी आलं त्याच्या आधी की नंतर?" विचारलं की माणूस सावरून बसतो आणि सांगतो, "त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात. त्याच धसक्यानं तर घेतलं."

वयाचंही तसंच. आपल्या जनगणनेतही ३०, ३५, ४०, ४५ अशा शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयांचे ढीग दिसतात. त्या वयांची माणसं खरोखर जास्त नसतात, लोक अंदाजाने गोल आकडा सांगतात. शिवाय 'तिसावं चालू आहे' आणि 'तीस पूर्ण' यांत एक वर्षाचा फरक आहे. जनगणनेत पूर्ण झालेली वर्षं घेतात. तुम्ही काय घेताय ते फॉर्मवर लिहा, आणि आजी म्हणाल्या "भूकंपात मी पोटुशी होते, हा थोरला" तर थोरल्याचं वय धरून मागे जा.

"काम? काम नाही करत, घरीच असते"

हा एक प्रश्न असा आहे की तो चुकला तर अर्ध्या गावाचा डेटा वाया जातो. बाईला विचारलं, 'तुम्ही काम करता का?' उत्तर: नाही. ती ज्या हाताने हे सांगते त्या हाताला खुरप्याचे घट्टे असतात. पहाटे दोन म्हशींची धार, मग डबे, मग स्वतःच्या रानात खुरपणी, संध्याकाळी सरपण. 'काम' म्हणजे मजुरी, रोख पैसे. बाकी सगळं 'घरचं'. तिची शेजारीण खरोखर फक्त घर सांभाळते, तिचंही उत्तर 'नाही'. दोन घरांच्या कसोटीवर हा प्रश्न सपशेल आडवा.

नमुना सर्वेक्षणाच्या कोडांमध्ये याची दखल आहे: ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९३ म्हणजे घरकामासोबत सरपण-चारा गोळा करणं, घरच्यासाठी शिवण वगैरे. पण कोड कितीही असोत, आधी प्रश्नातून ते बाहेर यायला हवं. मला यावर सगळ्यात भरवशाचा वाटतो तो २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा मार्ग. तिथे 'काम' हा शब्द बाजूला ठेवून आदल्या दिवशी पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाने काय केलं ते विचारलं. आपण एवढं बारीक नाही गेलो तरी "काल उठल्यापासून काय काय केलंत, सांगता का?" एवढ्यावरही पुष्कळ निघतं. उत्तर ऐकता ऐकता पुढे छापलेल्या यादीवर खुणा करायच्या: धार, शेण-गोठा, खुरपणी, वेचणी, पाणी, सरपण, शिवण, दुकानावर बसणं. एक सूचना: नवरा खाटेवर बसलेला असेल तर तो मध्येच "ती कुठं काम करती" म्हणतो. त्याच्यासाठी शेतीचा वेगळा फॉर्म काढा आणि दुसऱ्या मुलाला त्याला अंगणात घेऊन जायला सांगा. हा फॉर्म खरोखर लागत नसला तरी काढा.

यादीत नाव येणार का?

तुम्ही दारात उभे राहिलात की समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न हाच. त्याला कारण आहे. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत १३ मुद्दे होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. घर कसलं, कपडे किती, कर्ज कशाचं, यावर कार्ड ठरणार होतं. ज्यांचे दोन गुण जास्त पडले आणि नाव गेलं ते अजून सांगतात. आता तुमचा फॉर्म पहिल्याच पानावर विचारतो: जमीन किती, उत्पन्न किती, रेशनकार्डाचा रंग कोणता. झालं. त्या घराच्या पुढच्या सगळ्या उत्तरांत माणूस स्वतःला एक पायरी खाली दाखवणार, आणि शेजारच्याला बँकेचे लोक वाटलात तर तो एक पायरी वर.

पैशाचं शेवटी विचारा. सुरुवात अशा गोष्टीने करा की ज्यावर बोलायला माणसाला बरं वाटतं: पीक, पाऊस, मुलांची शाळा. आणि ज्याचं मासिक उत्पन्नच नाही त्याला मासिक उत्पन्न विचारू नका. सोयाबीन वर्षातून एकदा विकलं जातं. किती एकरांत पेरलं, किती क्विंटल निघालं, किती विकलं, काय भाव मिळाला, बी-खत-फवारणीला किती गेले, असं विचारा आणि वजाबाकी तुम्ही करा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, तोंडात एकर-गुंठे. फॉर्मवर एकर-गुंठेच ठेवा, ४० गुंठ्यांचा एकर, रूपांतर नंतर. शेतमालाचं माप पायलीत सांगितलं तर पायली किती किलोची धरता तेही तिथेच विचारून लिहा, कारण तालुका बदलला की पायली बदलते.

पर्यायांबद्दल थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी चुकतं. '०-५ एकर, ५-१० एकर' असं छापलं तर पाच एकरवाला कुठे जाईल? 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' हे वेगळे रकाने हवेत. एक केले की ज्याला मूलच नाही आणि ज्याला मुलाची इयत्ता आठवत नाही ते एकत्र मोजले जातात. 'इतर' मध्ये उत्तरं धो धो पडायला लागली तर तो लोकांचा नाही, यादीचा दोष. आणि गूगल फॉर्म असेल तर प्रत्येक प्रश्नाला सक्तीची चांदणी लावू नका, अडकलेला माणूस पुढे जाण्यासाठी काहीही दाबतो.

दहा घरं, आणि एक लाल पेन

पायलट, म्हणजे खऱ्या सर्व्हेआधी फॉर्मची चाचणी, सगळे करतात; निदान तसं अहवालात लिहितात. प्रत्यक्षात कॉलेजातल्याच पाच मैत्रिणींना फॉर्म भरायला दिलेला असतो. त्याचा उपयोग फक्त शुद्धलेखन तपासायला.

खरं पायलट असं. ज्या गावात सर्व्हे करायचा त्याच्या शेजारच्या गावातली दहा घरं, तीही मुद्दाम वेगवेगळी: बोअरवालं एक, टोकाचं एक, भूमिहीन एक, एकटी म्हातारी राहते असं एक. प्रत्येक फॉर्मसोबत दोन जण जायचे. एक विचारणार, दुसऱ्याच्या हातात लाल पेन. समोरचा "काय?" म्हणाला, की त्या प्रश्नापुढे एक टिंब. प्रश्न विचारणाऱ्याने शब्द बदलले, एक टिंब. उत्तर द्यायला आधी घरात कुणाला तरी हाक मारली, एक टिंब. प्रश्न पुरा व्हायच्या आत 'हो' आलं, तर दोन टिंबं.

चार-पाच प्रश्नांनंतर थांबून विचारायचं: "मावशी, मी आत्ता जे विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा बरं, तुम्हाला काय कळलं?" हा प्रश्न सोन्याचा आहे. 'कुटुंबात किती सदस्य आहेत' याचा अर्थ एका आजींनी ग्रामपंचायतीचे सदस्य असा घेतला होता आणि "आमच्यात कुणी न्हाई बाई, भावकीत एक आहे" असं उत्तर दिलं होतं. आमच्या नोंदीत ते घर शून्य माणसांचं झालं असतं. आता फॉर्मवर 'एका चुलीवर किती जण जेवता?' असं आहे.

दहा घरांनंतर सगळे फॉर्म जमिनीवर मांडायचे. ज्या प्रश्नाला टिंबं जास्त, तो पुन्हा लिहायचा. ज्या प्रश्नाला दहाही वेगवेगळ्या घरांनी एकच उत्तर दिलं, तो टिंब नसलं तरी पुन्हा लिहायचा. आणि घड्याळ बघायचं. चूल पेटलेली असताना बाई अर्धा तास देते, तोही मोठेपणाने. आमचा पहिला फॉर्म पाऊण तासाचा होता, शेवटच्या दोन पानांवरची उत्तरं एकाच उभ्या रेषेत पडलेली दिसायची. सतरा प्रश्न काढले. त्यातल्या एकाचीही आठवण नंतर अहवाल लिहिताना आली नाही.

आणि सर्व्हे होऊन गेला असेल तर?

फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांची अवस्था हीच असते, परीक्षा पंधरा दिवसांवर. दोनशे घरं पुन्हा फिरायची गरज नाही. आधी 'कुणी विचारलं' तो तक्ता काढा. मग ज्या तीन-चार प्रश्नांवर तुमचा सगळा मुद्दा उभा आहे तेवढेच नव्या पद्धतीने लिहा आणि प्रत्येक गल्लीतून चिठ्ठी टाकून दोन-तीन घरं निवडून पुन्हा विचारा. जुनं आणि नवं उत्तर शेजारी छापा. "छापील प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या घरांमध्ये दोन पाण्यांमधलं अंतर एक दिवसापासून पाच दिवसांपर्यंत निघालं" असं वाक्य अहवालात आलं, तर तो अहवाल मला नुसत्या तक्त्यांपेक्षा जास्त कामाचा वाटतो. ज्या प्रश्नाला हे करता येणार नाही तो अहवालातून काढा. एक्सेलमध्ये रकाना आहे म्हणून त्याचा आलेख काढलाच पाहिजे असं नाही.

जुना फॉर्म फेकू नका. आमच्या पाण्याच्या फॉर्मवर उजव्या कोपऱ्यात आता 'आवृत्ती ६' लिहिलेलं असतं. सहावी निघाली ती गेल्या उन्हाळ्यात. 'घरात नळ आहे का?' याला एका वस्तीत सगळ्यांनी 'आहे' सांगितलं. हा एक प्रश्न तरी पक्का आहे असं मी धरून चालले होते. मग एका पोराने अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन दाखवलं: जमिनीतून वर आलेला निळा पाइप, तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. पाइप टाकून झाला होता, तोटी आणि पाणी दोन्ही यायचं होतं. आता पहिला प्रश्न आहे, 'नळ दाखवता का?'